आम्हाला कोणती गोळी दिली

मी कृतज्ञ माणूस आहे. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. आंबागडच्या किल्ल्याखालच्या गावातून तुमसरच्या शाळेत आणि पुढं भंडाऱ्याच्या कॉलेजात मला पोचवायला किती जणांचे हात लागले ते मला ठाऊक आहे. शाळेतल्या गुरुजींनी स्वतःच्या मुलाची जुनी पुस्तकं दिली. कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या सरांनी फी माफ करून घेतली. थोरल्या भावानं सातवीतून शाळा सोडून नांगर धरला, म्हणून मला धरावा लागला नाही. असा माणूस चटकन रागावत नाही. मोठ्या माणसानं नुसतं नाव विचारलं तरी त्याचे हात जोडले जातात. म्हणूनच मला राग यायला उशीर लागला. आला तो अजून गेलेला नाही. आजही वर्तमानपत्रात रक्ताच्या गुठळीवरच्या नव्या औषधाची बातमी वाचली की मी पेपर बाजूला ठेवतो आणि अंगणात दोन फेऱ्या मारून येतो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी बी.एस्सी. होऊन घरी बसलो होतो. त्या उन्हाळ्यात मोठ्या शहरातून एक संशोधन पथक तुमसरला आलं आणि त्यांनी एका बंद राइस मिलच्या कचेरीत आपलं सामान लावलं. पथकाचे प्रमुख एक डॉक्टर होते. आम्ही सगळे त्यांना साहेबच म्हणायचो. वय पन्नाशीचं, बोलणं मऊ, कपडे कडक इस्त्रीचे. त्यांना निरोगी पुरुष हवे होते, कष्टाचं काम करणारे, खेड्यातले. आणि त्या पुरुषांशी त्यांच्या बोलीत बोलू शकेल असा, थोडंफार शास्त्र शिकलेला एक माणूस हवा होता. रसायनशास्त्राच्या सरांनी माझं नाव सुचवलं.

पहिल्याच भेटीत साहेबांनी मला खुर्चीवर बसायला सांगितलं. ही गोष्ट लहान वाटेल. पण तोवर कुठल्याही कचेरीत मला कोणी खुर्ची दिली नव्हती. त्यांनी मला यंत्र दाखवलं. ते म्हणाले, रक्तात तांबड्या-पांढऱ्या पेशींखेरीज अगदी बारीक चकत्या असतात, त्यांना प्लेटलेट म्हणतात. कापलं, खरचटलं की त्या धावत जाऊन एकमेकींना चिकटतात आणि भोक बुजवतात. हे चांगलंच. पण हृदयाच्या नळीत नको तेव्हा चिकटल्या तर माणूस उभ्या उभ्या जातो. त्या थोड्या कमी चिकटाव्यात अशी एक गोळी निघाली आहे. ती किती चालते ते पाहायचं.

यंत्राचं काम मला फार आवडलं. रक्त गरगर फिरवून वरचं धुरकट पिवळं पाणी घ्यायचं, बारीक काचनळीत भरायचं आणि त्यातून उजेड सोडायचा. त्यात एका द्रावणाचा थेंब टाकला की चकत्या एकमेकींना धरू लागतात, पाणी निवळतं, पलीकडं उजेड जास्त पोचतो आणि लेखणी कागदावर रेघ वर वर नेते. रेघ चढली तर चकत्या चिकटल्या. आडवी राहिली तर नाही. गावात मी हे सांगताना म्हणालो, गढूळ पाण्याच्या गुंडात, म्हणजे हंड्यात, तुरटी फिरवल्यावर गाळ कसा गोळा होऊन बसतो, तसंच ते. लोकांना लगेच समजलं.

अर्ध्यांना खरी गोळी आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी साखरेची गोळी मिळणार होती. कोणाला कोणती ते घेणाऱ्याला कळायचं नाही आणि रक्त काढणाऱ्यालाही कळायचं नाही. ते फक्त साहेबांपाशी, कुलपात. ही पद्धत मला अतिशय सचोटीची वाटली. कोणाच्या मनाचा परिणाम निकालावर पडू नये म्हणून माणूस स्वतःच्या डोळ्यांवर पट्टी बांधून घेतो, यात मला काहीतरी उदात्त दिसलं. पारावर मी हे समजावून सांगितलं तेव्हा आमच्या शेजारचा एक म्हातारा तंबाखू मळता मळता म्हणाला, “म्हंजे गोळी खोटी देऊन रगत मात्र खरं नेतीन.” सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्यात काही चुकीचं होतं असं मला वाटलं नाही.

गावातले दहा-बारा जण तयार झाले, काही नाकाडोंगरीकडून खाणीत कामाला जाणारेही आले. थोरला भाऊ, ज्याला मी दादा म्हणतो, पहिल्या दिवशीच म्हणाला, “तू सांगतं तं चांगलंच असन.” त्यानं गोळी काय, कशाची, काही विचारलं नाही. बायका त्यांना नको होत्या. महिन्याच्या पाळीमुळं मोजमापात फरक पडतो असं साहेब म्हणाले. वहिनीनं, म्हणजे दादाच्या बायकोनं, ते ऐकून नुसतं “बरं झालं” म्हटलं आणि चुलीकडं वळली.

मीही गोळी घेत होतो. नुसता दुभाषा नव्हतो, नमुनाही होतो. ठरलेल्या दिवशी आम्ही उपाशीपोटी मिलच्या कचेरीत जायचो. आधी हातावर पट्टा फुगवून आतल्या बाजूला ब्लेडची बारीक चीर द्यायचे आणि टिपकागदानं रक्त टिपत राहायचे, ते आपोआप थांबेपर्यंत. मग शिरेतून रक्त. मग दूध, केळी, पाव. दादा त्या टिपकागदावरचे लाल ठिपके पाहून म्हणायचा की हे कुंकवाचं काम बायकांनी करावं. साहेब एकदा आमच्या घरी जेवायलाही आले. वहिनीनं केलेली लाखोरीच्या डाळीची भाजी त्यांनी मागून घेतली. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की काम नीट झालं तर शहरातल्या प्रयोगशाळेत माझ्यासाठी जागा पाहतील. माय दारात उभी होती. तिनं हात जोडले.

आता रोवणीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथंच घडलं.

आमच्याकडं धानाची रोवणी म्हणजे सगळं गाव बांध्यांमध्ये, बांध घातलेल्या शेतांच्या तुकड्यांत. चिखल तयार करायचा, पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंड्या बांधीत फेकायच्या आणि मग सकाळपासून दिवस मावळेपर्यंत कमरेत वाकून रोवत मागं मागं सरकायचं. पाठ अशी धरते की संध्याकाळी सरळ होताना तोंडातून आवाज निघतो. त्यावर आमच्या भागात एक उपाय चालायचा. किराणा दुकानात बिडीच्या बंडलाशेजारी पांढऱ्या गोळ्यांच्या पट्ट्या लटकलेल्या असायच्या. डोकेदुखी, अंगदुखी, ताप, सगळ्याला तीच. ज्याच्या बांधीत रोवणी असेल तो दुपारच्या चहाबरोबर रोवणाऱ्यांना ती गोळी वाटायचा. कामाचा तो भागच होता, जसा चहा, जशी सुपारी. गोळी नाही वाटली तर लोक पाठीमागं बोलायचे. सकाळी निघताना एक, दुपारी एक, पाठ फारच धरली तर संध्याकाळीही एक. आणि यातलं काहीही औषध समजलं जात नव्हतं. औषध म्हणजे जे डॉक्टर देतो, ज्याला पथ्य असतं, जे आजारी माणूस घेतो. रोवणीला जाणारा माणूस आजारी नसतो.

साहेबांच्या माणसानं सुरुवातीला सगळ्यांना विचारलं होतं, सध्या कोणतं औषध चालू आहे का. मी ते आमच्या बोलीत विचारलं. सगळ्यांनी ‘नाही’ म्हटलं. त्यांनी खरं सांगितलं.

पऱ्हे रोवण्याजोगे झाले तेव्हा मी साहेबांकडं गेलो आणि विनंती केली की रोवणी संपेपर्यंत अभ्यास थांबवावा. लोक थकतात, उपाशीपोटी येणं जड जातं, अंगातून रक्त जाणं त्या दिवसांत कोणाला आवडत नाही, असं मी म्हणालो. ते म्हणाले, यंत्र उसनं आणलं आहे, मुदतीत परत जायला हवं. शिवाय कष्टाच्या दिवसांतले नमुने मिळाले तर उलट चांगलंच. ते हे हसून म्हणाले. रोवणी कशी असते ते पाहायला ते किंवा त्यांचं कोणी एकदाही बांधीवर आलं नाही. तुमसरपासून आमचं गाव असं किती लांब. जीप होती. एक दुपार बांधावर येऊन चहा घेतला असता तर चहाबरोबर काय वाटलं जातं ते त्यांच्याच डोळ्यांना दिसलं असतं. मला ते रोजचं असल्यामुळं दिसत नव्हतं. पण मी शास्त्रज्ञ नव्हतो. ते होते.

दादाला आधी जळू लागली. बांधीत जळवा असतातच, तंबाखूचं पाणी सोडलं की गळून पडतात, थोडं रक्त येतं आणि थांबतं. या वेळी पोटरीवरचं रक्त थांबेना. वहिनीनं चुना लावला, हळद दाबली, चिंधी बांधली. चिंधी भिजली. दादा गंमत करत होता. “जळू पडली तरी सोडून नाई राहिली,” म्हणाला. मी ते पाहिलं. आमच्या चकत्या कमी चिकटत आहेत, म्हणजे दादाला बहुतेक खरी गोळी आहे, असं काहीतरी माझ्या मनात आलं, आणि मला त्यात शास्त्रीय कुतूहल वाटलं. मी ते साहेबांना सांगायचंही ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दादा बांधीतच बसला. पोट धरून बसला आणि मग चिखलात आडवा झाला. उलटी झाली ती चहाच्या चोथ्यासारखी काळी. आदल्या दिवसापासून शौचाला डांबरासारखं होत होतं, ते त्यानं वहिनीलाही सांगितलं नव्हतं. आम्ही त्याला बैलबंडीत घातला. तुमसरच्या दवाखान्यात त्यांनी नुसती नाडी पाहिली आणि गाडी देऊन भंडाऱ्याला पाठवलं. मी, वहिनी आणि माय सोबत होतो. वाटेत दादाचे ओठ पांढरे पडत गेले. माय त्याच्या तळपायाला हात घासत होती आणि एकच विचारत होती, “काहून असं झालं, बाबू? काहून?” बाबू म्हणजे मी. घरातल्या शिकलेल्याला विचारत होती.

भंडाऱ्याच्या दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. त्यानं दादाच्या नाकातून नळी घातली, थंड पाण्यानं पोट धुवायला लावलं आणि तोवर वहिनीला प्रश्न विचारू लागला. तो औषध घेतो का, असं त्यानं विचारलंच नाही. पाठ दुखते तेव्हा हा काय करतो, असं विचारलं. वहिनीनं लगेच सांगितलं, किराण्यातली गोळी, सकाळी अन् दुपारी, रोवणी लागल्यापासून रोज. डॉक्टरनं डोळे मिटले. मग त्यानं मला विचारलं की आणखी काही? मी अभ्यासाच्या गोळीचं सांगितलं. तो म्हणाला, “किराण्यातली ती गोळी चकत्यांना झोपवते. पोटही सोलून काढते. त्यावर तुमच्या साहेबांची कोणती?” मी म्हणालो, माहीत नाही, खरी असेल किंवा साखरेची असेल.

दादाला रक्त चढवायला हवं होतं. त्याच्या गटाची बाटली दवाखान्यात नव्हती. माझं रक्त तपासलं, गट जुळला. मी बाही वर करूनच उभा होतो.

डॉक्टरनं विचारलं, “तुम्हीही त्या अभ्यासात आहात का?”

“हो. किराण्यातली गोळी मात्र मी घेत नाही.”

“मग मी तुमचं रक्त घेऊन काय करू? मला याचं रक्त थांबवायचं आहे. चिकटणाऱ्या चकत्या हव्यात मला. तुमच्या चिकटतात का, सांगा.”

मला सांगता येईना. माझ्याच अंगातल्या रक्ताबद्दल मला सांगता येईना. मी पदवीधर होतो, त्या यंत्राची रेघ मला वाचता येत होती, आणि माझ्या रक्तात काय आहे ते मला ठाऊक नव्हतं. दुसरं कोण येईल असं मी मनात मोजू लागलो. काका, चुलतभाऊ, शेजारी, ज्यांना ज्यांना रातोरात बोलावलं असतं ते सगळे त्याच अभ्यासात होते. सगळ्यांना मीच नेलं होतं.

डॉक्टर म्हणाला, “त्यांना जाऊन विचारा. तुमची साखरेची असेल तर धावत या.”

पथक त्या दिवशी कारध्याला होतं, नदीपलीकडं. तिथंही त्यांनी काही लोक घेतले होते. पुलावर पाणी चढलेलं नव्हतं, एवढंच नशीब. कोणाची तरी सायकल मागून मी निघालो. शाळेच्या पडवीत माणसं ओळीनं बसली होती, उपाशी, एकेकाच्या हातावर टिपकागद. साहेब टेबलापाशी नळ्या मोजून पेटीत लावत होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. वाईट वाटलं म्हणाले. आणि मग म्हणाले, कोड, म्हणजे कोणाला कोणती गोळी त्याची यादी, फोडता येणार नाही.

मी पुन्हा सांगितलं. भाऊ मरतो आहे. मला माझी गोळी कोणती तेवढं हवं आहे, भावाचीही नको. ते म्हणाले, एकाचा फोडला की तो नमुना बाद होतो, आणि एकाचा फोडला की बाकीच्यांबद्दलही तर्क सुरू होतात. उपचार कोणत्याही गोळीला तेच आहेत, तिथला डॉक्टर ते करीलच. रक्त दुसऱ्या कोणाचं घ्यावं. “तू विज्ञानाचा विद्यार्थी आहेस,” ते म्हणाले. “तुला हे समजायला हवं. तुझ्याकडून माझी ही अपेक्षा आहे.”

मग त्यांनी घड्याळ पाहिलं. काढलेलं रक्त फार वेळ ठेवता येत नाही. चकत्या थकतात, यंत्रावर चालवायला वेळेत तुमसरला पोचावं लागतं. हे त्यांनीच मला शिकवलं होतं. त्या पेटीतल्या नळ्यांची त्यांना घाई होती. माझ्या भावाच्या नळीची नव्हती.

मला त्या वेळी त्यांचा गळा धरता आला असता. मी धरला नाही. मी नमस्कार केला. सवयीनं माझे हात वर गेले आणि मी त्या माणसाला नमस्कार करून सायकलकडं वळलो. मला सगळ्यात जास्त चीड कशाची येत असेल तर त्या नमस्काराची. उपकार करून घेणाऱ्या माणसाचे हात असे आपोआप वळतात आणि ते ज्यांना ठाऊक असतं ते त्याचा बरोबर उपयोग करून घेतात. खुर्ची, खांद्यावरचा हात, शहरातली जागा, “तुझ्याकडून माझी अपेक्षा”. या सगळ्याच्या बदल्यात मी गाव आणून दिलं होतं.

दवाखान्यात परत आलो तेव्हा वहिनी बाकावर आडवी होती आणि तिच्या दंडाला रबर बांधलेलं होतं. मी गेल्यावर तिनंच डॉक्टरला म्हटलं होतं की माह्यंही पाहा. गट जुळला होता. ती पाठदुखीची गोळी खात नव्हती. त्या गोळीनं तिला पित्त व्हायचं. आणि साहेबांनी बायका घेतल्या नव्हत्या म्हणून त्यांची गोळीही तिच्या पोटात नव्हती.

पण तिथं एक वेगळीच अडचण उभी झाली होती. शेजारच्या खाटेजवळची एक बाई मायला सांगत होती की बायकोचं रगत नवऱ्याच्या अंगात गेलं की ते भाऊबहीण होतात, मग संसार करता येत नाही. माय रडत होती. तिचा त्यावर विश्वास होता की नव्हता कोण जाणे, पण ती वहिनीचा हात सोडत नव्हती. म्हणत होती, थांब, कोणी दुसरं पाहू.

वहिनी मायला कधी उलट बोलली नव्हती. ती झोपल्या झोपल्या म्हणाली, “मंग राखी बांधीन, माय. आधी जगू तं द्या त्याले.”

डॉक्टर हसला. नर्स हसली. माय हात सोडून बाजूला झाली.

त्या बाटलीनं दादा तरला. आणखी एक बाटली लागली, ती दवाखान्यातल्याच एका अनोळखी माणसानं दिली, ज्याची बायको तिथं बाळंतीण होती. दोन दिवसांनी नळीतून स्वच्छ पाणी येऊ लागलं. बरेच दिवस दादा तिथं होता. रोवणी मी आणि गावकऱ्यांनी मिळून उरकली. माझी पाठ धरली तेव्हा बांधावर चहाबरोबर गोळी आली. मी ती घेतली नाही. काय काय झालं ते इतरांना सांगितलं. काहींनी गोळी सोडली, काहींनी नाही. पाठ त्यांची होती.

मीही साहेबांची गोळी बंद केली. गावातल्या बाकीच्यांचीही बंद झाली, पण हे साहेबांना कळवायला मी गेलो नाही.

रोवणी संपल्यावर जीप गावात आली. शेवटचे नमुने घ्यायचे होते. शाळेच्या व्हरांड्यात टेबल लागलं, केळी आली, नळ्यांची पेटी आली. माणसं जमली. दादा अजून अशक्त होता, पण साहेब आले म्हणून स्वच्छ धोतर नेसून आला. साहेबांनी त्याची विचारपूस केली. मग मला बाजूला घेऊन म्हणाले की तुमच्या लोकांनी गोळ्या खात असल्याचं लपवलं आणि त्यामुळं त्यांच्या कितीतरी नमुन्यांचे निकाल वाया गेले.

माझा आवाज तेव्हा पहिल्यांदा चढला. मी म्हणालो, कोणी लपवलं नाही, तुम्ही पाहिलं नाही. एवढंच म्हणालो.

ते म्हणाले की हे सगळ्यांसमोर नको. मग त्यांनी दादासमोर एक कागद ठेवला. त्यावर लिहिलं होतं की हा माणूस स्वतःच्या मर्जीनं अभ्यासातून बाहेर पडला. मी तो मोठ्यानं वाचून दाखवला. दादाला सही येत होती, चांगली येत होती, सातवीपर्यंतची. त्यानं पेन हातात घेतलं आणि कागदाकडं पाहत राहिला. मला वाटलं, करतो सही. साहेबांना नाही म्हणायची त्याला सवय नव्हती.

“साहेब,” तो म्हणाला, “मी सोडलं नाई. मी पडलो.”

“तेच ते,” साहेब म्हणाले.

“तेच नाई ते.” दादानं पेन खाली ठेवलं. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, तो नुसतं बरोबर काय ते सांगत होता. मग त्यानं विचारलं, “मले कोनती होती एवढं सांगा. खरी का साखरेची?”

“ते अभ्यासाच्या शेवटी कळेल.”

“माहा शेवट तं होऊनच राहिला होता, साहेब.”

मागं बसलेल्या एका खाणकामगारानं वर केलेली बाही खाली सोडली. मग त्याच्या शेजारच्यानं. पारावर खोट्या गोळीची थट्टा करणारा म्हातारा कट्ट्यावरून म्हणाला की आधी सांगा, मंग हात पुढं करू. दोघांनी मात्र रक्त दिलं, शब्द दिला होता म्हणून. त्यांना मी अडवलं नाही. साहेबांनी त्या दोन नळ्या पेटीत ठेवल्या. जीप गेली. शहरातल्या जागेचं नाव पुन्हा निघालं नाही.

जीप वळणाआड गेल्यावर दादा मला म्हणाला, “चहा तरी पाजाचा होता त्याईले. एवढ्या दूरून आले.”

मी त्याच्यावर ओरडलो. थोरल्या भावावर आयुष्यात तेवढ्या एकदाच ओरडलो. कायले चहा, असं काहीतरी. तो मग म्हणाला की पोरगा शिकला तं तोंडही चालाले लागलं, आणि घराकडं निघाला, हळू हळू, बांधाचा आधार घेत.

पुढं मी शाळेत विज्ञान शिकवायला लागलो. शिक्षणाबद्दल माझी कृतज्ञता कमी झाली नाही, विज्ञानाबद्दलही नाही. ती पद्धत आजही मला सचोटीची वाटते. डोळ्यांवर पट्टी बांधणं बरोबर आहे. पण माणूस बुडत असताना पट्टी सोडायला हात असावा लागतो, आणि तो हात ज्याच्यापाशी होता त्यानं तो खिशातून काढला नाही. ऐंशीच्या दशकात मी दोनदा पत्र लिहून विचारलं. अभ्यास कधीच पुरा झाला होता. उत्तर आलं नाही.

दादानं त्यानंतर कित्येक रोवण्या केल्या. चहाबरोबरच्या गोळीला वहिनीनं घरात बंदी घातली, आणि दरवर्षी राखीच्या दिवशी गावातल्या बायका तिची थट्टा करायच्या. दादा साहेबांवर कधी चिडला नाही. मी विषय काढला की म्हणायचा, “ते आपलं काम करून राहिले होते.”

असतील. पण ते काम माझ्या भावाच्या पोटात चाललं होतं, माझ्या रक्तात चाललं होतं, आणि आम्हाला कोणती गोळी दिली हे दादाला मरेपर्यंत कळलं नाही. मला अजून कळलेलं नाही.